दातांना तार लावली की लाळेचं काय होतं: ब्रेसेसच्या काळात तोंड सांभाळायची रीत

तार लावली म्हणून दात किडले, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खरं तर स्टीलची तार किंवा दातावर चिकटवलेला ब्रॅकेट स्वतः दाताला कीड लावत नाही. ब्रॅकेट बसला की दातावर नवे कोपरे, खाचा, आडोसे तयार होतात. तिथे अन्न आणि जंतूंचा थर ठाण मांडतो आणि लाळेला पोचायला वाट राहत नाही. नुकसान इथून सुरू होतं. त्यामुळे तार असेपर्यंतची सगळी काळजी एकाच प्रश्नाभोवती फिरते: माझ्या तोंडात लाळ कुठे पोचत नाही, आणि तिथलं तिचं काम मी कसं भरून काढू?

आधी लाळेचं काम समजून घ्या

मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानासमोर, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात, शिवाय ओठ, गाल आणि टाळूत शेकडो बारीक ग्रंथी. लाळेत जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या एका टक्क्यात मात्र बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फेट आणि जंतूंना आवर घालणारी प्रथिनं असतात.

आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू त्यातून आम्ल तयार करतात. थराखालचा पीएच (आम्लतेचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातली, खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते. पूर्वस्थितीला यायला साधारण अर्धा ते एक तास जातो, आणि त्यानंतर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसू लागतं. हे दिवसातून अनेकदा चालतं. दाताच्या खात्यातून रोज निघतं किती आणि जमा होतं किती, यावर कीड लागणार की नाही ते ठरतं.

लाळ तोंडात सगळीकडे सारखी फिरत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, ग्रंथींची तोंडं अगदी जवळ उघडतात, म्हणून तिथे लाळेचा ओघ भरपूर. कीटण तिथे सर्वांत लवकर साचतं तेही याचमुळे, कारण लाळेतलं कॅल्शियम थरात मुरून कडक होतं. याउलट वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची बाजू. तिथे लाळेचा पातळ पापुद्रा अतिशय हळू सरकतो, साखर आणि आम्ल बराच वेळ रेंगाळतात. आणि बहुतेक ब्रेसेस नेमक्या त्याच बाजूला चिकटवतात! तार काढल्यावर दिसणारे, खनिजं विरघळल्याने उमटलेले खडूसारखे पांढरे डाग वरच्या पुढच्या दातांवर, त्यातही मधल्या दोन दातांच्या शेजारच्या दातांवर, जास्त आढळतात.

ब्रेसेसमुळे लाळ कमी होते का? उलट, सुरुवातीला ती वाढते. पण तोंडात एकूण लाळ किती आहे हे एक आणि ती दाताच्या पृष्ठभागाला किती लागते हे दुसरं. ब्रॅकेटभोवती थर जाड झाला की लाळेला त्यातून झिरपून दातापर्यंत जावं लागतं. शिवाय आम्ल तयार करणाऱ्या आणि आम्लातच पोसल्या जाणाऱ्या जंतूंची, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस यांची, संख्या तार असताना वाढते. त्यामुळे लाळ भरपूर आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

तार बसवण्याआधी

कीड असेल तर भरून घ्या, कीटण साफ करून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते थांबेपर्यंत तार पुढे ढकलावी. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पण सुजलेल्या हिरडीला टेकून ब्रॅकेट बसला की ती सूज पुढे आटोक्यात आणणं जड जातं.

डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा. तुम्ही नियमित घेत असलेली सगळी औषधं. तोंड उघडं ठेवून झोपायची किंवा तोंडाने श्वास घ्यायची सवय. आणि नकली दागिने, घड्याळाचा पट्टा किंवा पँटचं बटण लागून अंगावर पुरळ उठत असेल तर तेही, कारण ती निकेलची ॲलर्जी असू शकते आणि ब्रेसेसच्या अनेक तारांमध्ये निकेल असतं. तोंडात अशी ॲलर्जी क्वचितच त्रास देते, तरी आधी कळलं तर दुसरा पर्याय निवडता येतो.

दातांचे जवळून काढलेले फोटोही मागून ठेवा. पुढे डाग दिसला तर तो आधीचा की नवा, हे त्यावरूनच कळेल.

पहिले पंधरा दिवस

तोंडाला ब्रॅकेट म्हणजे खाण्याचीच काहीतरी वस्तू वाटते, म्हणून लाळ सुटते. बोलताना थुंकी उडते, उशी ओली होते. हे काही दिवसांत, फार तर थोड्या आठवड्यांत आपोआप कमी होतं. सारखं थुंकू नका, गिळत राहा. ती लाळ याच दिवसांत फार उपयोगाची असते.

दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं आणि आठवडाभरात उतरतं. बरेच जण इथेच ब्रश हलका करतात किंवा सोडूनच देतात. हे टाळा. मऊ ब्रश घ्या, कोमट पाणी वापरा, दाब कमी ठेवा, पण फिरवायचा तो सगळीकडे. वेदनाशामक गोळी कोणती आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

गाल किंवा ओठ सोलवटला, तोंड आलं, तर ब्रेसेसवर लावायचं ऑर्थोडॉन्टिक मेण लावा. मेण चिकटत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा ओला ब्रॅकेट. आधी टिश्यूने किंवा कापसाने तो कोरडा करा, वाटाण्यापेक्षा लहान गोळी बोटांत मळून मऊ करा आणि टोचणाऱ्या भागावर दाबून बसवा. खाताना आणि दात घासताना काढून टाका. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या केल्या तर आराम पडतो. तोंड वारंवार येत असेल तर पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट आहे का पाहा. काहींना हा फेस आणणारा घटक सोसत नाही.

दात घासायची रीत

ब्रश तीन ठिकाणी फिरायला हवा: हिरडी आणि ब्रॅकेट यांच्या मधली पट्टी, ब्रॅकेटचा दर्शनी भाग, आणि ब्रॅकेटची दुसरी बाजू, जिथून दाताची धार जवळ असते. यातली पहिली पट्टी सर्वांत अरुंद आणि सर्वांत धोक्याची. पांढरे डाग आणि हिरडीची सूज दोन्ही तिथेच होतात, आणि घाईत नेमकी तीच सुटते.

आधी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरा, म्हणजे अडकलेले मोठे कण निघून जातील. रबर स्वतः काढता-घालता येणारे असतील तर काढून ठेवा. सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून करा. लोक सहसा दाढांपासून सुरू करतात आणि पुढे येईपर्यंत कंटाळतात, म्हणून जिथे लाळेची मदत सर्वांत कमी तिथे आधी जा. ब्रश हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत टेकवा, अर्धा हिरडीवर आणि अर्धा दातावर, आणि जागच्या जागी लहान गोल हलवा. मग ब्रश ब्रॅकेटवर सरळ धरून घासा. मग उलट कोनात, खालून वर, म्हणजे ब्रॅकेटची दुसरी बाजू साफ होईल. एका वेळी दोन-तीन दात, मग पुढचे. आतली बाजू आणि चावायची बाजू नेहमीसारखी.

यानंतर इंटरडेंटल ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती असते तसा तो दिसतो. तारेच्या खालून, दोन ब्रॅकेटच्या मधल्या जागेत वरून खाली आणि खालून वर घाला, आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही कुशी साफ करा. माझ्या मते महागडी साधनं घेण्याआधी पैसे यावर खर्च करावेत. दोन दात जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथे मात्र फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोराच लागतो. तो तारेमागून ओवायला प्लास्टिकची सुई मिळते, किंवा एक टोक कडक केलेला फ्लॉस. हे वेळखाऊ आहे. दिवसातून एकदा, रात्री केलं तरी पुरे. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र अडकलेले कण छान उडवतं, पण दाताला घट्ट चिकटलेला थर त्याने पूर्ण निघत नाही. ते ब्रशच्या जोडीला वापरावं, त्याऐवजी नव्हे.

सगळं मिळून नीट करायला चार-पाच मिनिटं लागतात. सकाळी आणि रात्री हे व्हायलाच हवं. दुपारी जेवणानंतर ब्रश करणं शक्य नसेल तर निदान जोरात चूळ भरा आणि आरशात एकदा बघा.

दोन्हींपैकी रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. जो थर दातावर ठेवून तुम्ही झोपाल त्याला रात्रभर अटकाव करणारं कुणी नसतं. रात्री घासून झाल्यावर पाण्याशिवाय काहीही नको, औषधाचं गोड सिरपसुद्धा घासण्याआधी घ्या.

ब्रॅकेटमुळे ब्रशचे केस लवकर फिसकटतात. तीन महिने थांबू नका, केस बाहेर वळले की ब्रश बदला.

पेस्ट, फ्लोराइड आणि माउथवॉश

पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचं प्रमाण पाहा. सहा वर्षांवरच्या कुणालाही १३५० ते १५०० पीपीएमची (दहा लाख भागांत तेवढे भाग फ्लोराइड असलेली) पेस्ट चालते. फ्लोराइड असलं की लाळेतलं कॅल्शियम दातात परत बसायला मदत होते आणि तयार होणारं खनिज आम्लापुढे आधीपेक्षा जास्त टिकाव धरतं. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण पाण्याने चूळ भरू नका. तोंडात राहिलेलं फ्लोराइड पुढे तासभर तरी काम करतं, ते धुऊन टाकण्यात नुकसान आहे. अनेकांना हे विचित्र वाटतं, आठवड्याभरात सवय होते.

थुंकता येण्याइतक्या वयाच्या मुलांना आणि मोठ्यांना ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश रोज एकदा उपयोगी पडतो. तो ब्रशच्या वेळेपेक्षा वेगळ्या वेळी वापरा, उदाहरणार्थ शाळेतून किंवा कामावरून आल्यावर. कीड पटकन लागते अशांसाठी डॉक्टर दर काही महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावतात किंवा ५००० पीपीएमची पेस्ट लिहून देतात. ती मनाने आणू नये.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश वेगळा. हिरड्या फार सुजल्या तर थोड्या दिवसांसाठी तो चांगला, पण दीर्घकाळ वापरला तर दात आणि जीभ तपकिरी पडतात, चव बदलते. कोळशाच्या पेस्टपासून लांब राहा. ती खरखरीत असते, काळी पूड ब्रॅकेटच्या कडांना अडकते, आणि बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइडही नसतं. दात पांढरे करणारी पेस्टही तार असेपर्यंत नको.

काय खाता यापेक्षा किती वेळा खाता

कडक, चिवट, चिकट पदार्थ टाळा हे सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे: ब्रॅकेट निघाला की उपचार लांबतो. पण लाळेच्या दृष्टीने मोठा प्रश्न वेळांचा आहे. प्रत्येक गोड घासानंतर लाळेला अर्धा-एक तास लागतो, आणि ब्रॅकेटभोवतीच्या जाड थरात त्याहूनही जास्त. दर तासाला एक बिस्किट किंवा गोड चहाचा घोट घेत राहिलात तर ती वेळ कधी मिळतच नाही. त्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच गोड खाल्लं तर दाताला कमी त्रास होतो.

फळांचे रस, कोल्ड्रिंक आणि खेळाडूंसाठीची पेयं यांत साखर आणि आम्ल दोन्ही असतात. प्यायचीच तर पटकन प्या, तोंडात घोळवू नका, वर पाणी प्या. आंबट पेयानंतर लगेच ब्रश करू नका. एनॅमल त्या वेळी मऊ पडलेलं असतं, म्हणून अर्धा तास थांबा.

साखर नसलेलं च्युइंगम चघळलं की लाळेचा वेग कित्येक पटींनी वाढतो. ब्रेसेस असताना च्युइंगम चालतं का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. काही जण मऊ, साखरविरहित च्युइंगमला परवानगी देतात, काही अजिबात नको म्हणतात. तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते पाळा.

तोंड कोरडं पडत असेल तर

तारेमुळे लाळेची वाट अडलेली असताना लाळच कमी असेल तर धोका दुहेरी होतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, एकाग्रतेसाठी दिली जाणारी काही औषधं यांनी तोंडाला कोरड पडते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनने ओठ तर हमखास सुकतात. दम्याचा इन्हेलर घेतल्यावर चूळ भरलीच पाहिजे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, औषध देणाऱ्या आणि दातांच्या अशा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या उपचारांची माहिती द्या.

शंका असेल तर घरी ढोबळ तपासणी करता येते. खाणं, पिणं, दात घासणं यांनंतर निदान तासभर जाऊ द्या. शांत बसा, मान किंचित पुढे झुकवा, गिळू नका आणि पाच मिनिटं तोंडात जमणारी लाळ औषधाच्या मापात सोडत राहा. फेस सोडून मोजा. निरोगी माणसात दीड मिलीच्या आसपास भरते. अर्धा मिलीसुद्धा जमली नाही तर दंतवैद्यांना सांगा. लाळ दोरीसारखी ताणली जाणं, जीभ टाळूला चिकटणं, कोरडा घास पाण्याशिवाय न उतरणं हीही लक्षणं.

तोंडाने श्वास घेणाऱ्यांच्या वरच्या पुढच्या हिरड्या लाल, चकचकीत आणि सुजलेल्या दिसतात. नाक चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज आधी. जवळ पाण्याची बाटली ठेवा, घोट घोट पीत राहा.

महिन्यातून एकदा आरशासमोर

पांढरे डाग तार बसल्यापासून महिनाभरातही उमटू शकतात, म्हणून वाट पाहू नका. रात्री घासून झाल्यावर चांगल्या उजेडात ओठ वर उचला आणि पुढचे दात टिश्यूने पुसून पूर्ण कोरडे करा. ताजा डाग ओल्या दातावर दिसत नाही, कोरड्यावर खडूसारखा निस्तेज पट्टा ब्रॅकेटच्या कडेने दिसतो. थर कुठे राहतो हे पाहायचं असेल तर रंग देणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या चघळल्या की उरलेला थर रंगतो. मुलांच्या बाबतीत दहा वेळा ओरडण्यापेक्षा हे एकदा दाखवलेलं जास्त लागू पडतं.

नीट घासूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ रक्त येत असेल, हिरडी ब्रॅकेटवर चढत असेल, किंवा दाढेभोवती बसवलेली धातूची पट्टी हलत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. सैल पट्टीखाली अन्न आणि जंतू शिरतात, ब्रश मात्र शिरत नाही. तिथली कीड गुपचूप वाढते. ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तार लावणाऱ्या डॉक्टरांकडे, दर महिन्या-दीड महिन्याने जात असाल तरी नेहमीच्या दंतवैद्यांकडची तपासणी आणि सफाई सोडू नका.

अलाइनर वापरणाऱ्यांसाठी

अलाइनर म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. काढता येतो म्हणून तो सोपा, पण तो दिवसाचे २० ते २२ तास दात झाकून ठेवतो आणि तेवढा वेळ लाळेला बाहेरच थांबावं लागतं. गोड किंवा आंबट पेय अलाइनर घालून प्यायलात तर ते आत साचून राहतं. तो घातलेला असताना फक्त साधं पाणी प्या. खाल्ल्यावर दात घासून किंवा निदान चूळ भरूनच परत घाला. अलाइनर गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो.

तार निघाल्यावर

डाग दिसले तर लगेच घालवायच्या मागे लागू नका. थर गेला, लाळ पुन्हा दाताला लागू लागली की पहिल्या काही महिन्यांत बरेच डाग फिके होतात. या काळात रोजची फ्लोराइडची पेस्ट पुरते. तीव्र फ्लोराइड लगेच लावलं तर डागाचा वरचा थर घट्ट होऊन आतला भाग तसाच राहू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दुधातल्या प्रथिनापासून केलेली कॅल्शियम-फॉस्फेटची पेस्टही देतात, पण दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही. उरलेल्या डागांसाठी पातळ रेझिन (दाताच्या रंगात मिसळणारा राळेसारखा पदार्थ) डागात मुरवणं किंवा वरचा अगदी थोडा थर घासून काढणं हे उपाय नंतर करता येतात. सुजलेल्या हिरड्याही बहुतेकांच्या काही आठवडे ते महिन्यांत उतरतात. नाही उतरल्या तर दाखवा.

दात जागेवर राहावेत म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतून बारीक तार कायमची चिकटवतात. लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, त्यामुळे तिच्याभोवती कीटण भराभर साचतं. रोज प्लास्टिकच्या सुईने फ्लॉस त्या तारेखालून ओवा, ब्रश उभा धरून आतून घासा, आणि दर सहा महिन्यांनी सफाईच्या वेळी ती तार कुठे सुटली तर नाही ना, हे तपासून घ्या.